फायबरची होडी आणि जीर्णोद्धाराचा प्रश्न

मोडकळीस आलेली वस्तू पुन्हा उभी करण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. घराची डागडुजी होते, यंत्राची दुरुस्ती होते, देवळाचा जीर्णोद्धार होतो, ग्रंथाचे शुद्धीकरण होते आणि समाजाची, निदान एकोणिसाव्या शतकापासून, सुधारणा होते. वरवर पाहता हे शब्द एकमेकांचे सख्खे शेजारी वाटतात. पण प्रत्येकामागे वस्तूकडे पाहण्याची निराळी दृष्टी आहे. डागडुजी करणारा गळते तेवढे थांबवतो. जीर्णोद्धार करणारा गाभाऱ्यातील मूर्ती तीच ठेवून भोवतीचे सारे बदलू शकतो, आणि तरीही देऊळ तेच राहिले असे म्हणू शकतो. सुधारणा करणाऱ्याला तर जुने तसेच राहावे असे मुळातच वाटत नसते. हा भेद आम्ही वर्गात अनेकदा शिकवला आहे. तो हाताला कसा लागतो हे मात्र एका जुन्या फायबरच्या यांत्रिक होडीने शिकवले.

येथे ‘आम्ही’ म्हणजे दहिसर पश्चिमेस राहणारे तीन स्नेही. दोघांचे आयुष्य महाविद्यालयात मराठी शिकवण्यात गेले, तिसऱ्याचे टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात. तिघांपैकी कोणाचाही समुद्राशी परंपरेने संबंध नाही. असे असता होडी कशासाठी, हा प्रश्न घरच्यांनी विचारला, शेजाऱ्यांनी विचारला आणि वाचकही विचारतील. त्याचे उत्तर देण्यासाठी थोडे भूगोलात शिरावे लागेल.

दहिसर म्हटले की बहुतेकांना नाका आठवतो आणि नाक्यावरची वाहनांची रांग. पण दहिसर हे एका नदीचेही नाव आहे. तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावून, राष्ट्रीय उद्यानाच्या झाडीतून उतरून, सुमारे बारा किलोमीटरांच्या प्रवासानंतर ही नदी मनोरीच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला ती खडकांतून खळाळते. खाली लोहमार्गापलीकडे येईतो तिचे भिंतींमध्ये कोंडलेले काळे पाणी होते. खाडीच्या पलीकडे गोराई, मनोरी आणि उत्तन ही गावे असलेले धारावी बेट. (मुंबईतल्या प्रसिद्ध धारावीशी याचा संबंध नाही. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांच्या फौजेने जिंकलेला धारावीचा किल्ला तो हा.) आमच्या घरांपासून खारफुटीची रेषा दिसते. तरीही आमच्या वसाहतींतील माणूस खाडीकडे पाठ करूनच जगतो. त्याचे तोंड रेल्वे स्थानकाकडे असते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीप्रमाणेच दहिसर नदीनेही आपला जुना विस्तार परत मागितला. त्या रात्री आमच्या गल्लीत छातीइतके पाणी होते. तळमजल्यावरच्या एका वृद्ध बाईंना आम्ही दरवाजाच्या फळीवर निजवून पुढच्या इमारतीच्या जिन्यापर्यंत नेले. अर्ध्या कोसावर खाडीत होड्या नांगरलेल्या होत्या, पण त्या कोणाच्या आहेत, कोणाला हाक मारावी, हे साऱ्या गल्लीत एकालाही ठाऊक नव्हते. एकाच पाण्याच्या काठी राहणाऱ्या दोन वस्त्यांची एकमेकींशी ओळख उरली नव्हती. त्या रात्रीपासून होडीचा विचार आमच्या बोलण्यात येत-जात राहिला. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा तो अंमलात आला.

होडी मिळाली ती गोराईला. लांबी बावीस फूट, वय पंचवीस वर्षांच्या आसपास. चार पावसाळे ती धन्याच्या घराच्या आडोशाला पालथी पडून होती. धनी ख्रिस्ती मच्छीमार. साऱ्या गावासाठी ते ‘नाखवा’, म्हणून आमच्यासाठीही. (‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’चा मराठी अवतार, मूळ अर्थ नावेचा धनी. आमच्या किनाऱ्यावर देव कोणताही असो, नावेचा स्वामी फारसीच राहिला.) मुले नोकरीला लागली, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक अधिक येऊ लागले आणि नाखवांचे गुडघे थकले. व्यवहाराची बोलणी करताना त्यांनी किमतीचा विषय बाजूला सारला आणि एकच अट घातली.

“मास्तर, पैशाचं मागाहून बघू. पण हिची कुंडी करू नका.”

आम्हांला अर्थ कळला नाही. तेव्हा त्यांनी रस्त्यापलीकडच्या एका विश्रामगृहाकडे बोट दाखवले. तेथे फाटकाशी एक जुनी होडी अर्धी जमिनीत पुरली होती, तिच्यात माती भरली होती आणि मातीत बोगनवेल फुलली होती. “ती माझ्या चुलत्याची,” नाखवा म्हणाले.

या एका अटीने आमच्या कामाला नैतिक चौकट आली. होडी घेणाऱ्याने ती होडीच ठेवली पाहिजे. आता होडी होडी राहते म्हणजे नेमके काय राहते, हा प्रश्न उरला. आणि पुढील सारे विवेचन त्याच प्रश्नाचे आहे.

*

आधी द्रव्याविषयी. फायबर म्हणजे काचेचे बारीक तंतू आणि त्यांना धरून ठेवणारी राळ. तंतूंची चटई साच्यात अंथरायची, तिच्यावर पॉलिएस्टरची पातळ राळ ब्रशाने व रोलरने जिरवायची, हवेचे बुडबुडे काढायचे आणि असे थर एकावर एक चढवत जायचे. राळेत शेकडा एक-दोन भाग हार्डनर घातला की अर्ध्या तासाच्या आगेमागे ती उष्णता सोडत घट्ट होते आणि पुन्हा कधीही पातळ होत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील रे ग्रीन यांनी १९४२ साली अशी पहिली होडी केली असे सामान्यतः मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विद्या जगभर पसरली. आपल्या पूर्व किनाऱ्यावर १९८०च्या दशकात बंगालच्या उपसागराच्या मत्स्य कार्यक्रमाने किनाऱ्यावर लागणाऱ्या फायबरच्या होड्यांचे प्रयोग केले, आणि २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून फायबरच्या होड्या मोठ्या प्रमाणावर वाटल्या गेल्या. पश्चिम किनाऱ्यावरही लाकूड महागले, सुतार दुर्मीळ झाले आणि फायबर आले.

लाकडी होडीविषयी हळवे होणे सोपे आहे. फायबरविषयी तसे कोणी होत नाही. ते प्लास्टिकच, या एका शब्दात त्याची बोळवण होते. आम्हीही त्याच संस्कारात वाढलो. पण मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ ही छपन्न फुटी शिडाची नौका तयार झाली, ती लाकडी गाभ्यावर काचतंतू आणि इपॉक्सी चढवूनच. तिच्यातून दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती केली. द्रव्य नवे आहे म्हणून त्यात कारागिरी नाही, असे म्हणणाऱ्यांनी या नौकेची गोष्ट मुळातून वाचावी.

लाकूड आणि फायबर यांतील खरा भेद सौंदर्याचा नाही, मरणाचा आहे. लाकडी होडी मरते. तिच्या फळ्या चुलीत जातात, उरलेले खाडीचे किडे खातात, आणि दहा-वीस वर्षांत चिखलात चार खिळे उरतात. फायबरची होडी मरत नाही. ती कुजत नाही. जाळली तर विषारी काळा धूर देते. फोडली तर काचेचे तुकडे होतात. मनोरीच्या खाडीत खारफुटीच्या मुळांत अशा टाकून दिलेल्या होड्या आडव्या पडलेल्या दिसतात. भरतीला त्यांत पाणी शिरते, ओहोटीला निघून जाते. त्यांना ना उपयोग, ना अंत. आपल्या परंपरेत जीर्ण वस्त्र टाकून देण्याची उपमा आहे. न जिरणाऱ्या वस्त्राचे काय करावे, हे तीत सांगितलेले नाही. म्हणून फायबरची जुनी होडी दुरुस्त करणे ही हौस राहत नाही, तिच्यात थोडे कर्तव्य मिसळते. जी वस्तू आपल्याहून अधिक जगणार आहे, तिला काम देणे हेच तिचे अंत्यसंस्कार टाळणे होय.

*

उधाणाच्या भरतीला दुसऱ्या होडीला दोर बांधून आम्ही ती खाडीतून अलीकडे आणली आणि बांबूंच्या रूळांवरून टेम्पोत चढवून गावठाणातील एका परिचितांच्या मोकळ्या अंगणात ठेवली. कामासाठी जो कारागीर मिळाला त्याने पाण्याच्या टाक्या केल्या होत्या आणि चित्रपटांसाठी फायबरचे खांब व सिंहही. पहिल्या दिवशी त्याने काहीच केले नाही. एक लहान लाकडी हातोडी घेऊन तो होडीभोवती फिरला आणि वीतवीत अंतरावर ठोकत गेला. कुंभाराकडून मडके घेताना जसे वाजवून घेतात, तसेच. थर एकजीव असतील तेथे खणखणीत आवाज येतो, थर सुटले असतील तेथे बद्द. बद्द आवाजाच्या जागी तो खडूने फुली मारी. संध्याकाळी होडी पांढऱ्या फुल्यांनी भरली होती.

सर्वांत अधिक फुल्या मागच्या उभ्या पाटीवर होत्या. इंजिन जेथे टांगतात ती ही पाटी. तिच्या पोटात मरीन प्लायची फळी असते आणि बाहेरून फायबरचे आवरण. इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपले होते आणि आतले लाकूड भिजून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे झाले होते. बाहेरून मात्र गुळगुळीत निळा रंग. तळाशी पाण्याखाली राहणाऱ्या भागावर करंगळीच्या नखाएवढे फोड होते. एक फोडला तेव्हा आतून चिकट द्रव आला आणि आंबूस, सिरक्यासारखा वास. बाहेरच्या मुलाम्यातून पाणी रेणूरेणूने आत जाते, राळेतील विरघळणारे काही अंश विरघळवते, आणि मग तोच द्रव आणखी पाणी ओढून घेतो. होडीचे दुखणे असे दोन प्रकारचे होते: एक मधल्या लाकडाचे, जे दिसत नव्हते, दुसरे कातडीचे, जे दिसत होते. समीक्षेच्या वर्गात आशय आणि अभिव्यक्ती यांची जी जोडी आपण मांडतो तिची येथे आठवण झाली. असो.

आमची अपेक्षा होती की भोके बुजवायची, वर मुलामा द्यायचा. कारागीर म्हणाला, “सर, भोक बुजवायचं तर आधी ते मोठं करावं लागतं.”

याचे गणित असे आहे. नवी राळ जुन्या घट्ट झालेल्या राळेशी रासायनिकदृष्ट्या एकजीव होत नाही. साच्यात एका दिवशी चढवलेले थर एकमेकांत मिसळतात. पण पंचवीस वर्षांपूर्वीच्या थराला आजचा थर केवळ चिकटून राहतो. म्हणून जुना पृष्ठभाग खरवडून खडबडीत करायचा आणि सांध्याचे क्षेत्र वाढवायचे. त्यासाठी भोकाच्या कडा उताराने घासत न्याव्या लागतात. जाडीच्या सुमारे बारापट लांबीचा उतार चांगला मानतात. तळाची जाडी सहा मिलिमीटर असेल तर उतार प्रत्येक बाजूस बहात्तर मिलिमीटर झाला. म्हणजे पन्नास मिलिमीटर व्यासाच्या भोकासाठी एकशे चौऱ्याण्णव मिलिमीटर व्यासाची जखम करायची. पेरूएवढ्या भोकासाठी जेवणाच्या ताटाएवढे घासायचे. मग त्यात एकाहून एक मोठ्या चकत्या अंथरत वर यायचे.

तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला थीसिअसच्या नौकेचा प्रश्न ठाऊक असतो. प्लुटार्कने तो नोंदवला आहे: कुजलेली फळी काढून नवी बसवली, मग दुसरी, मग तिसरी, साऱ्या फळ्या बदलल्यावर नौका तीच का? विसाव्या शतकात ओटो नॉयराट यांनी याच प्रतिमेला वेगळे वळण दिले. त्यांच्या मते ज्ञान ही भर समुद्रात चालती नौका आहे. तिला गोदीत न नेता, तरंगत असतानाच फळीफळीने दुरुस्त करावे लागते. दोन्ही प्रतिमा सुंदर आहेत आणि दोन्ही लाकडाच्या आहेत. फायबरच्या होडीला फळ्याच नाहीत. ती अखंड आहे. तिचा एक भाग काढून दुसरा बसवता येत नाही. जुन्याला घासून त्याच्या उतारावर नव्याला टेकवावे लागते. येथे जुने आणि नवे यांच्यात रेषा नसते, पट्टा असतो. त्या पट्ट्यात कोणता कण जुना आणि कोणता नवा हे सांगता येते. होडी कोठे संपली आणि दुरुस्ती कोठे सुरू झाली हे सांगता येत नाही.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत शिरलेले अपपाठ पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्धीकरण केले आणि तीत कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये अशी ताकीदही दिली. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी पाटांगण येथे मिळालेल्या पोथीच्या आधारे आपली प्रत प्रसिद्ध केली, कारण एकनाथपूर्व पाठ तिच्यात सापडतो अशी त्यांची धारणा होती. एका दृष्टीने पाहता नाथांनी ग्रंथ वाचवला. दुसऱ्या दृष्टीने पाहता त्यांचे घासणे इतके सफाईदार झाले की त्याखालचा पाठ पाहण्यासाठी संशोधकाला पोथ्या शोधत हिंडावे लागले. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, हे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. हातात घासण्याचे यंत्र आणि नाकातोंडावर फडके असताना ते अधिक पटले.

*

दुरुस्तीनंतर प्रश्न आला बदलांचा, आणि येथे आमच्या तिघांत मतभेद झाले.

पहिला बदल निर्विवाद होता, कारण तो जिवाचा होता. लाकडी होडी पाण्याने भरली तरी तिचे लाकूड तरंगते. बुडणाऱ्याला धरायला काहीतरी राहते. फायबर पाण्याहून जड असते. अशी होडी पाण्याने भरली आणि तिच्यात बंदिस्त हवा नसली, तर ती सरळ तळ गाठते. जुन्या होडीत अशी सोय नव्हती. आम्ही नाळेत आणि दोन्ही कडांच्या बैठकींखाली कप्पे करून त्यांत पाणी न शोषणारा फोम भरला आणि वरून फायबरने बंद केले. लाकडाच्या स्वभावात जे होते ते फायबरला व्यवस्थेने द्यावे लागते.

दुसरा बदल इंजिनाचा. जुने दोन-स्ट्रोकचे इंजिन हलके होते, पण ते तेल जाळे आणि त्याचा तवंग पाण्यावर सोडी. चार-स्ट्रोकचे इंजिन स्वच्छ, परंतु तेवढ्याच अश्वशक्तीला वजनाने अधिक. वजन मागे वाढले की नाळ वर उचलली जाते आणि नाळेवर बसणाऱ्याला लाटेचा प्रत्येक धक्का बसतो. म्हणून इंधनाची टाकी मागून मधोमध आणली, बॅटरी पुढे नेली आणि नव्या पाटीची जाडी वाढवली. एक बदल केला की त्याला पेलण्यासाठी दुसरे तीन करावे लागतात, हे भाषांतर करणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

तिसरा बदल वादाचा ठरला. होडीच्या मधोमध मासळीचा खण होता. तो काढला तर चार माणसांची जागा होणार होती, आणि पुराच्या वेळी माणसे हलवण्यासाठी जागा हवी होती. पण खण काढला की ती मच्छीमाराची होडी उरत नव्हती. आमच्यातील एकाचे म्हणणे असे की, मासेमारी आम्ही करणार नाही, तेव्हा खण ठेवणे हा केवळ देखावा होईल; कुंडीतल्या बोगनवेलीचाच तो सभ्य प्रकार. दुसऱ्याचे म्हणणे असे की, ज्या कामासाठी वस्तू घडली त्याची खूण पुसणे हा त्या कामाचा अनादर आहे. पंधरा दिवस काम थांबले. अखेरीस नाखवांनाच विचारले. ते अंगणात आले, खणाच्या काठावर बसले आणि म्हणाले, “मी पण आधीचा खण तोडून मोठा केला होता. माणसं बसवा. मासळी काय, माणूस काय, कोरडं घरी आलं पाहिजे.”

खण निघाला. मात्र तळावर त्याच्या चार कडांच्या रेषा आम्ही घासल्या नाहीत. वास्तुसंवर्धनाच्या १९६४च्या व्हेनिस सनदेत एक तत्त्व आहे: नवा भाग जुन्याशी जुळावा, पण तो नवा आहे हे ओळखू यावे. जुना तळ निळा आणि आमचे सारे जोडकाम राखाडी, असा नियम आम्ही पाळला. होडी त्यामुळे ठिगळांची गोधडी दिसते, हे खरे. पण गोधडी ऊब देते आणि तिच्यात कोणाचे लुगडे कोठे आहे हेही कळते.

*

सर्वांत अवघड प्रश्न नावाचा होता. नाळेच्या दोन्ही अंगांना देवनागरीत ‘स्टेला मारिस’ असे रंगवले होते. लॅटिनमध्ये ‘सागरतारा’, मरियेचे हे खलाशांना प्रिय असलेले नाव. त्याच्यावर राळेने उठवलेला एक छोटा क्रूस. नावाभोवतीच्या पापुद्र्यांवर कारागिराने यंत्र धरले तेव्हा पांढऱ्याखाली हिरवा आला, हिरव्याखाली तांबडा, आणि तांबड्यावर पुसट पिवळी अक्षरे: ‘एकवीरा’. नाखवांच्या आधी होडी कोणा हिंदू कोळ्याची होती. नाखवांना ते ठाऊक होते. देवीचे नाव खरवडायचे कसे, म्हणून त्यांनी त्याच्यावरून नुसता रंग दिला होता.

आमच्या घरांपासून चालत जाण्याच्या अंतरावर मंडपेश्वराची लेणी आहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास खोदलेले ते शैव लेणे. त्यात नाचणारा शिव आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या राजवटीत त्याचे प्रार्थनामंदिर झाले आणि माथ्यावर ख्रिस्ती धर्मगुरूंची वास्तू उभी राहिली, जिचे भग्नावशेष आजही दिसतात. एका भिंतीवर जुने शिल्प तासून कोरलेला क्रूस आजही आहे. आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील त्या लेण्यात शिवही आहे आणि क्रूसही. त्या क्रूसाखाली एक शिल्प मेले आहे, हे विसरता येत नाही. आणि तो क्रूस खरवडल्याने ते शिल्प परत येणार नाही, हेही. तेथे छिन्नी चालली होती. आमच्या होडीवर मात्र एका गरीब मच्छीमाराने, तेच दोन देव एकावर एक येत असताना, छिन्नी न उचलता ब्रश उचलला होता. पहिला प्रकार सत्तेचा, दुसरा शेजाराचा. दोन्हींना आपण इतिहासात ‘थर’ म्हणतो, पण दोन्ही एक नव्हेत.

आता आम्ही काय करावे? सगळा रंग काढून नवे नाव घालण्याचा आम्हांला अधिकार होता. एका स्नेह्याने एका थोर कवीचे नाव सुचवलेही. तिघेही वाङ्मयाचे प्रेमी. मोह होणे स्वाभाविक होते. पण एकनाथांची ताकीद वर्गात सांगणाऱ्यांनी आपली ओवी होडीवर घालावी हे आम्हांला रुचले नाही. घासणे तेथेच थांबवले. उघडी पडलेली ‘एकवीरा’ची अडीच अक्षरे आणि त्यांच्या पुढची ‘स्टेला मारिस’ची अक्षरे यांवर पारदर्शक राळेचा हात दिला. तिसरे नाव घातले नाही. कागदोपत्री ती ‘स्टेला मारिस’ आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीच्या कागदपत्रांकडे जी नजर असते, ती पाहता नाव आणि क्रमांक सरळ असलेले बरे.

*

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली. आता ती नदीच्या मुखापासून थोडी आत, इतर होड्यांच्या शेजारी उभी असते. नाखवांकडून आम्ही उधाण आणि भांगाच्या भरतीचा हिशेब शिकतो आहोत, आणि गोराईतील तीन तरुणांचे दूरध्वनी क्रमांक आमच्या गल्लीतील प्रत्येक तळमजल्याच्या दारामागे चिकटवलेले आहेत. आमचे क्रमांक त्यांच्याकडे आहेत. पुन्हा २००५ सारखी रात्र आली तर बावीस फुटांची एक होडी किती जणांना पुरेल, हा प्रश्न रास्त आहे. पुरणार नाही. पण हाक कोणाला मारायची हे या वेळी दोन्ही काठांना ठाऊक असेल, आणि होडी दुरुस्त करता करता जे खरोखर दुरुस्त झाले ते बहुधा हेच असावे.

मराठी कवितेत होडी पैलतीराला नेणारी असते. संतांपासून आजवर तिच्यातून भवसागर तरला जातो, प्रियकर येतात आणि जातात. तिच्या तळाला फोड येतात, पाटी कुजते, तिला कोणी तरी वर्षाकाठी घासावे लागते, याचा उल्लेख आमच्या वाचनात क्वचितच आला. तरून जाण्याचे आपल्याला कौतुक, तरवणाऱ्या वस्तूच्या देखभालीचे नाही. वाङ्मयाच्या अभ्यासातही आपण कर्त्याला जितके आठवतो तितके प्रत उतरवून घेणाऱ्याला, पोथीला बासन बांधणाऱ्याला आठवत नाही.

आम्ही तिघेही साठी ओलांडलेले. होडी आमच्यानंतरही राहणार, हे तिच्या द्रव्यातच लिहिलेले आहे. म्हणून पुढच्या बैठकीखाली, जलरोधक पिशवीत, एक वही ठेवली आहे. कोणते भोक कोठे होते, किती थर चढवले, कोणत्या महिन्यात आणि किती दमट हवेत, फोम कोणत्या कप्प्यात आहे, ‘एकवीरा’ किती खोलीवर सापडली, खण कोठे होता, तो कोणी मोठा केला आणि कोणी काढला, हे सारे तीत तारीखवार लिहिले आहे. पाठभेदांची नोंद म्हणा. शेवटची चाळीस पाने कोरी ठेवली आहेत. पुढच्या धन्याला जे घासावे वाटेल ते त्याने खुशाल घासावे, फक्त आधी वाचावे आणि मागाहून लिहून ठेवावे.